एकसष्टावा उतारा

"गोष्ट वाचत बसू नका! गोष्ट वाचतो तो नापास होतो. खाली प्रश्न दिलेत ते बघा, उत्तर शोधा, खूण करा, पुढे चला!"

मिस्टर बहगतचा हा आवाज वगीदाच्या कानात दोन वर्षं ठाण मांडून बसला होता. दमनहूर शहरात इंग्रजी शिकवणाऱ्या कुणालाही मुलं मिस्टरच म्हणतात, पण बहगतचा थाट निराळा. त्याच्या पुस्तिकेवर त्याचाच फोटो, डोक्यावर छापलेला मुकुट आणि खाली 'इंग्रजीचा सम्राट'. बारावीच्या परीक्षेत इंग्रजी उतारा येतो. उतारा म्हणजे एक छोटी बोधकथा आणि तिच्याखाली पाच प्रश्न. शेवटचा प्रश्न ठरलेला, या गोष्टीवरून तुम्ही काय शिकलात? त्याचंही उत्तर मिस्टर आधीच घोटून घ्यायचा. त्याने हात वर केला की सहाशे मुलं एका सुरात उत्तर ठोकायची.

त्या सहाशेंत दोन वर्षांपूर्वी वगीदाची धाकटी बहीण निहाल होती.

परीक्षेआधीची शेवटची उजळणी लग्नाच्या हॉलमध्ये व्हायची. आईबाप बाहेर उभे राहायचे, त्यांना ऐकू जावं म्हणून रस्त्यावर कर्णे लावलेले असायचे. त्या दिवशीच्या गोष्टीत एक नावाडी होता. तो आपली एकुलती भाकरी मुलीला देतो आणि म्हणतो, "मी जेवलोय." छापील बोध होता, 'नेहमी खरं बोलावं.' निहालने लिहिलं, 'भुकेल्या बापाचं खोटं म्हणजे खोटं नव्हे.'

मिस्टरने तिला वर बोलावलं. माईक तोंडाशी धरून विचारलं, "बाप काय करतो गं तुझा?"

"बाकल्याची गाडी आहे, मिस्टर. बाहेरच."

"वा! म्हणजे खोट्याचं शिक्षण घरचंच! बाकल्यात पाणी किती घालतो, हे सांगतो का कधी खरं?"

हॉल हसून हसून आडवा झाला. बाहेर कर्ण्याखाली तिचे वडील दसूकीकाका गिऱ्हाइकाच्या भाकरीत बाकले, म्हणजे घेवड्यासारखे उकडलेले दाणे, भरत होते. त्यांच्या हातातला डाव हंड्यात तसाच राहिला. दुसऱ्या दिवसापासून गाडी कालव्याच्या पलीकडे गेली. निहालने परीक्षा दिली नाही. तिने दप्तर कपाटावर टाकलं आणि ती खिडकीशी बसली, ती बसलीच.

वगीदा सोमवार-गुरुवारचे रोजे धरणारी, पहाटेची नमाज कधी न चुकवणारी, मुंगीलाही वळसा घालून जाणारी. शेजारणी म्हणायच्या, हिच्या तोंडून कधी वाकडा शब्द निघायचा नाही. निघाला नाहीच. तिने बुरखा सारखा केला, मिस्टर बहगतच्या क्लासची पायरी चढली आणि खालमानेने विचारलं, "पुस्तिकेसाठी गोष्टी लिहायला माणूस हवाय, असं ऐकलं."

त्याने ना बापाचं नाव विचारलं, ना घर.

दोन वर्षांत तिने साठ गोष्टी लिहिल्या. आळशी कुंभाराची, उंटाच्या मत्सराची, शब्द पाळणाऱ्या विहीरवालीची. खाली आपलं नाव नाही, वर त्याचा मुकुट. एवढ्या काळात तिने एकच गोष्ट निरखून पाहिली. मिस्टर स्वतःही गोष्ट कधीच वाचत नसे. पान आलं की नजर थेट खाली, प्रश्नांवर. "उत्तरं बरोबर आहेत ना, बाई? मग छापा."

फक्त शेवटच्या उजळणीला, बाहेरच्या आईबापांना पैसा वसूल झाल्यासारखं वाटावं म्हणून, शेवटची गोष्ट तो माईकवर मोठ्याने वाचायचा आणि वाक्यागणिक अर्थ सांगायचा. वर्षातून तेवढी एकच.

"तुझी कमाल आहे बाई," छपाईयंत्रावरची करीमान एकदा म्हणाली. "इतकं गोड लिहितेस आणि त्या मोराला पिसारा पुरवतेस. राग म्हणून येत नाही का तुला?"

"आज रोजा आहे माझा," वगीदा म्हणाली. "रोज्यात राग करू नये."

"आणि बाकीच्या दिवशी?"

वगीदाने जपमाळेचा मणी पुढे सरकवला. एकसष्टावी गोष्ट तिच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेली होती.

ती तिने आधी निहालला वाचून दाखवली होती. निहाल खिडकीतून न वळता म्हणाली, "तो हे वाचणार नाही, ताई."

"वाचेल. माईकवर वाचेल."

"वाचलंच, तर मी पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरीन. दुसऱ्याच दिवशी. शब्द देते."

आता सगळं पुस्तिकेच्या त्या शेवटच्या एका पानावर येऊन ठेपलं. वगीदाने खालचे प्रश्न मुद्दाम भोळे ठेवले. माणूस कुठे उभा होता? त्याने मुलीला वर का बोलावलं? बाहेर कोण ऐकत होतं? बरोबर उत्तर कोणाचं होतं? या गोष्टीवरून काय शिकलात? मिस्टरने पान हातात घेतलं, नजर खाली नेली.

"ठीक. छापा."

उजळणीचा दिवस सोमवार होता. सकाळी वगीदा बापाला म्हणाली, "बाबा, आज गाडी हॉलसमोर लावा. मला रोजा तुमच्या हातच्या बाकल्यांवर सोडायचाय."

"तिकडे नाही येत मी, बाळा."

"माझ्यासाठी."

ते आले. मान खाली घालून, कर्ण्यापासून जितकं लांब जमेल तितकं.

दुपार कलली. हॉलमध्ये सहाशे पुस्तिका उघडल्या. वगीदा मागच्या दाराशी उभी राहिली. मिस्टरने घसा खाकरला आणि आवाज चढवला. "एका गावात एक मास्तर होता. त्याला स्वतःचा आवाज फार आवडायचा." मुलं खुसखुसली. तोही हसला. "एके दिवशी त्याने एका मुलीला वर बोलावलं आणि विचारलं, तुझा बाप काय करतो?"

तो पुढचं वाक्य वाचूनही बसला. तोंडाला सवयच तशी होती. "मुलगी म्हणाली, बाकल्याची गाडी आहे, बाहेरच."

मग थांबला. माईकमधून त्याचा श्वास रस्त्यावर ऐकू गेला.

"हां, तर... गोष्ट सोडा. गोष्ट वाचतो तो नापास होतो! प्रश्न घ्या. प्रश्न दोन, त्याने मुलीला वर का बोलावलं?"

प्रश्न तोंडातून गेल्यावर त्याने हात आवरला, पण त्याची गरज नव्हती. मुलांच्या हातात छापील पान होतं, आणि त्यानेच त्यांना तयार केलं होतं. सहाशे गळे एका सुरात ओरडले, "बापाची टर उडवायला, मिस्टर!"

"पुरे. शांत बसा."

पण गाडी सुटली होती. पुढच्या रांगेतल्या मुलीने तिसरा प्रश्न स्वतःच वाचला, तेव्हा उत्तर आलं, "तिचा बाप!" चौथ्याला आलं, "मुलीचं!" मागून दोन वर्षं नापास होत आलेल्या एकाने हाळी दिली, "ही तर त्या निहालची गोष्ट! मिस्टर, मास्तराचं नाव काय हो?" हॉल हसला, दोन वर्षांपूर्वी हसला होता तसाच, फक्त तोंड दुसरीकडे करून. मिस्टरने माईक खाली ठेवला. पाचवा प्रश्न कुणी वाचला नाही.

तो मागच्या दाराने बाहेर आला. "बाई, हे तुम्ही... तुम्ही आहात कोण?"

"बाहेर बाकल्याची गाडी आहे ना," वगीदा नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली, "तिथली मी थोरली."

"उद्यापासून यायचं नाही!"

"नाहीच येणार."

बाहेर दसूकीकाका कर्ण्याखाली येऊन उभे होते. आपण होऊन, बरोबर खाली. डोळे पुसलेले नव्हते. सूर्य मावळून मगरिबची अजान झाली, तसा त्यांनी लेकीच्या हातावर खजूर ठेवला आणि भाकरीत बाकले भरले, पाण्याचा टिपूस न घालता.

खजूर गोड लागला. सूड घेतलेल्या तोंडाला इतका गोड लागावा का, असं वगीदाला क्षणभर वाटलं. तिने मनातल्या मनात माफी मागितली, आणि दुसरा खजूर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नमाजेनंतर बसली होती. कपाटावरून काहीतरी खाली उतरवल्याचा आवाज झाला. निहालने दप्तरावरची धूळ हाताने झटकली, ओळखपत्र आत ठेवलं आणि उंबऱ्याशी बसून बूट घालू लागली. नाडी जुनी होती, दोनदा सुटली.

"येऊ का गं बरोबर?" वगीदाने विचारलं.

"नको, ताई."

निहालने तिसऱ्यांदा गाठ मारली, दार लोटून घेतलं आणि शाळेच्या रस्त्याला लागली.