भिमाजीच्या मिशा

कोल्हारच्या देवळात दुपारी बायकांचा लिहायवाचायचा वर्ग भरे. महिना झाला तशी भिमाजीनं बायकोला, गोजरबाईला, तंबी दिली. "काय शिकली ते आज पाटीवर दाव. न्हाईतर उद्यापासनं वर्ग बंद." दिवसातला तेवढा एक तास गोजरबाईचा स्वतःचा होता.

नेमकी त्याच दिवशी शिकवणाऱ्या विजयाबाईंना लहर आली. "मनात येईल त्या वस्तूच्या आकारात शब्द मांडायचे. झाली कविता! पाच मिनिटं देते." कुणी घागर मांडली, कुणी विळा. नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नव्हती, पण त्याच्या मिशांना कुठं बंदी होती? मधे जाड, टोकांना वर वळलेल्या दोन ओळी गोजरबाईनं झोकात काढल्या: "धनी चार भाकरी खात्यात, मंग घोरत्यात. बैल उठत्यात, धनी उठत न्हाईत." बायका हसून लोळल्या.

हसण्याच्या नादात पाटी पुसायची राहिली आणि घरी भिमाजी दारातच उभा! थुंकी लावायला तिनं बोट उचललं, तोच त्यानं पाटी ओढून घेतली. वाचता येत नसलं तरी स्वतःच्या मिशा कोण ओळखणार नाही?

"ह्या माज्याच! काय लिव्हलंय?"

"धनी लई कष्टाळू हायेत," गोजरबाईनं ठोकून दिलं.

भिमाजी फुगला. वर्ग चालू राहिला आणि पाटी ओसरीवरच्या खुंटीला टांगली गेली. येईल त्याला तो ती दाखवी. वाचता येणारे उपरण्यात तोंड खुपसून हसत. शेवटी त्याला शंका आली. "मी बी येतो वर्गाला. माजं मीच वाचीन."

"बाई, ह्यांना जरा सावकाश शिकवा," गोजरबाईनं विजयाबाईंना गळ घातली. पण गडी जिद्दीचा. तीन महिन्यांत खुंटीखाली उभा राहून, बोट ठेवत ठेवत, त्यानं दोन्ही मिशा वाचून काढल्या. गोजरबाईला वाटलं, आता वर्ग गेला.

"चल, उशीर व्हतोय," तो एवढंच म्हणाला.

वर्गात बायकांच्या मागं बसून त्यानं एक भाकरी मांडली आणि पाटी तिच्याकडं सरकवली:

गोजर
करपली भाकर
तरी चार खानार
तुज्या हातची
हाय

बारा वर्षांत "अगं" आणि "ऐकलं का" यापुढं तो कधी गेला नव्हता. गोजरबाईनं पहिलीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तिला हसू आलं आणि रडूही. पाट्या पुसायची वेळ झाली, तेव्हा तिनं ती पदराखाली दडवून घरी नेली.