दारापेक्षा मोठा रांजण

“डोंगराच्या माथ्यावरी कुणी बांधिलं गं घर,
दार ठेविलं चिमणं, आत कणग्यांचा भार…”

मरियमबीची आई जात्यावर बसली की असं काहीबाही गुणगुणायची. रत्नागिरीच्या खाडीकाठचं गाव, पहाटेची वेळ, आणि पिठासारखा भुरभुरत राहणारा तो आवाज. कित्येक वर्षांत कानी पडला नव्हता. आज अमिरातीतल्या रास अल खैमाच्या डोंगरात, गाडी खाली ठेवून पायवाट चढताना तो अवचित कानाशी आला आणि मरियमबी थबकली.

“अम्मी, टायर्ड झालीस?” पुढून तिच्या लेकीनं, दुआनं विचारलं.

“मी कसली दमते? तुझे अब्बा बघ, भात्यासारखे धापा टाकतायत.”

“या भात्यानंच गाडी हाकली, म्हणून उम्म अल कुवैनच्या घरून इथवर आलीस!” युसुफ खालून ओरडले. “यल्ला, चला पुढे!”

बोलणं असं हसतखेळत चाललं होतं, पण एका गोष्टीला कुणी हात लावत नव्हतं. दुआ आर्किटेक्चर शिकलेली. पेरू देशात, उंच डोंगरावर, इन्का लोकांच्या जुन्या भिंती जपायच्या कामावर तिला बोलावणं आलं होतं. दोन वर्षांसाठी. युसुफनी पेरूच्या फळावरचे सगळे विनोद पहिल्याच दिवशी संपवले आणि ‘जा बेटा’ म्हणून टाकलं. मरियमबी मात्र ‘बघू, इन्शाल्ला’ एवढंच बोलली होती. आणि अम्मीचं इन्शाल्ला कधीकधी ‘नाही’चं काम करतं, हे दुआला पक्कं ठाऊक होतं. अम्मीचा हात डोक्यावर नसताना तिला जायचं नव्हतं. उत्तर उद्या कळवायचं होतं. पेरू काही दाखवता येत नाही, निदान दगड तरी दाखवू, म्हणून तिनं आज दोघांना इथे आणलं होतं.

वळण ओलांडलं आणि दुआला दाखवायचं होतं ते, लोकांनी कधीच सोडून दिलेलं गाव समोर आलं. डोंगराच्या अंगावर पायरीपायरीनं शेतं, प्रत्येक शेताला दगडांचा काठ. मधे एक बोरीसारखं झाड, शेळ्यांनी खालून कुरतडून त्याची छत्री केलेली. घरं अर्धी जमिनीत, अर्धी वर. जणू थंडीत डोंगरच गुडघे पोटाशी घेऊन बसलाय.

मरियमबीनं भिंतीला तळहात लावला. दगड तव्यावरून नुकत्या उतरलेल्या भाकरीसारखा ऊबदार.

“चुना नाही, सिमेंट नाही! आपल्या गडग्यासारखंच गो हे. दगडावर दगड.”

“एक्झॅक्टली! आणि इन्कांचे दगड तर असे फिट बसवलेत अम्मी, की मधे कागदसुद्धा जात नाही.”

दुआचे डोळे चमकत होते. मरियमबीनं ते पाहिलं आणि घाईनं पुन्हा भिंतीकडे वळली.

एका घराचं दार जेमतेम कमरेएवढं. तिघं ओणवी होऊन आत शिरली. आत गारवा, जुन्या मातीचा वास. डोळे सरावले तसा कोपऱ्यात रांजण दिसला, चांगला गरगरीत पोटाचा.

युसुफनी एकदा रांजणाकडे पाहिलं, एकदा दाराकडे. “हा आत आला कसा?”

“आलाच नाही, अब्बा. आधी रांजण ठेवायचे, मग भोवती घर बांधायचे. समरमध्ये सगळे खाली खजुराच्या बागांत जायचे, धान्य इथेच. चोराला रांजण नेताच येऊ नये म्हणून.”

“माशाल्ला! काय डोकं!”

मरियमबी रांजणाशी टेकली. कडेला कुणा बाईच्या बोटांच्या खुणा होत्या. तिनं आपली बोटं त्यांत बसवून पाहिली.

“चार थेंब पावसावर पिकवलेलं. किती जपून भरलं असेल गो तिनं… आणि काढायचा कसा हा बाहेर?”

“नाही निघत. धान्य ओंजळीनं काढायचं. रांजणच काढायचा तर भिंत फोडावी लागेल.”

मरियमबीनं रांजणाच्या काठावरून हात फिरवला. मग त्या अंधारात, आईच्या चालीवर, ती हळूच गुणगुणू लागली. दुआनं अम्मीला गाताना कधी ऐकलं नव्हतं. ओवी मधेच तुटली.

“दुआ.”

“हं?”

“जाऊ नकोस.”

“अगो मरियम…” युसुफ पुढे झाले.

“थांबा तुम्ही. बोलू द्या मला.” तिनं ओढणीनं डोळे टिपले. “हे काम तुझंच आहे, कळतंय मला. आज तर जास्तच कळलं. तरी आत सारखं एकच चाललंय, जाऊ नकोस, जाऊ नकोस. ते बोलवेना, आणि ते बोलल्याशिवाय दुसरंही काही बोलवेना.”

दुआनं तिचा हात धरला. तो हात मरियमबीनं अलगद सोडवला आणि लेकीच्या डोक्यावर ठेवला.

“आता बोलले. जा, बाळा. उद्या कळव त्यांना.”