होय म्हणजे होय

उन्हाळाभर थर्झा कोल्बी अमेरिकेतल्या डकोटाच्या माळावर घोडागाडी हाकत फिरली. कुठे शाळेत, कुठे कुणाच्या खळ्यात उभी राहून एकच सांगायची, बायकांना मताचा हक्क द्या. नोव्हेंबरात त्यावर कौल होता, आणि तो द्यायचा होता फक्त पुरुषांनी.

नवरा, अमॉस, वैतागला होता. एका संध्याकाळी त्याने सौदा मांडला. "मी आणि माझे चौघे भाऊ तुझ्या बाजूनं मत टाकतो. पण निवडणूक झाली की तुझं हे भाषणं ठोकत हिंडणं कायमचं बंद. कबूल?"

"कबूल."

"बायबलवर हात ठेव मग."

"आम्ही क्वेकर पंथाची माणसं शपथ घेत नाही. होय म्हणजे होय."

पाच मतं! त्या आनंदात 'जिंकलो तर' म्हणायचं ती विसरलीच. आणि तिच्या लोकांत तोंडातून गेलेल्या शब्दाला मागाहून ठिगळ लावता येत नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारात बायका कॉफी आणि सफरचंदाचं सारण भरून भाजलेला केक वाढत होत्या. तेव्हा मत उघड्यावरच पडायचं. पाचही भावांनी आपापली चिठ्ठी थर्झाला दाखवली आणि पेटीत टाकली. मग पोटभर केक हाणला.

तरी राज्याने साफ नाही म्हटलं. थर्झा शेगडीपाशी बसून ढसाढसा रडली. अमॉसने लबाडी केली असती तर ती सुटली असती, पण मेल्याने शब्द पाळला होता!

वसंतात डेल्फिना गाडी घेऊन दारात आली. सगळ्या सभांना ती थर्झाच्या सोबत असायची. "चल गं, पुन्हा सुरू करायचंय. लोक तुझंच नाव घेतायत."

अमॉसने दार सताड उघडलं. "जा की! मी कुठं अडवतोय? शपथ थोडीच घेतली होतीस?" आणि हसला.

थर्झाला त्याचा असा संताप आला की हातातली कढई भिरकावावीशी वाटली. उंबऱ्यापलीकडे मोकळा रस्ता होता, आणि तिचं पाऊल उचलेना.

"डेल्फिना, तूच बोल," ती म्हणाली. "मोठ्यानं बोल. मागं बसलेल्या बायांना ऐकू जात नाही."

"मला नाही गं जमायचं!"

"जमव."

गाडी वळली. थर्झाने अमॉसला बाजूला सारून दार लोटलं आणि आपल्या हाताने आतून कडी घातली.