डॉक्टरचं औषध

धनीबाई चुलीवर भाकर भाजत होती आणि तिचा बादल अंगणात पाठीवर फवारणीचा पंप चढवत होता. घाटंजीकडच्या त्यांच्या तांड्याजवळ कॉलेजातले डॉक्टर खडतकर शेत घेऊन बसले होते. स्वतः बनवलेलं नवं औषध त्यांना कपाशीवर मारून पाहायचं होतं, आणि फवारायचं काम बादलला मिळालं होतं.

“फडकं बांध तोंडाले,” धनीबाई म्हणाली.

“याडी, डॉक्टरचं औषध आहे. त्याले काय भ्यायचं?” बादल आईला हसला.

औषध म्हणे! किडी मारायच्या विषाला आपल्या मुलखात औषधच म्हणतात. दुकानदार म्हणतो, शेतकरी म्हणतो, शिकलेलेही म्हणतात. आणि तांड्यातल्या कोणी नाडी दाखवायला हात पुढं केला, की खडतकर तो खुशाल धरायचा. मोठेपणा कोणाला नको असतो!

दुपारी बादलची बायको रंजिता बोंबलत आली. बादल बांधावर पडला होता. तोंडातून लाळ गळत होती, सदरा घामानं चिंब, मांड्या थडथड उडत होत्या.

“यवतमाळले नेऊ काय?” शेजारच्या शंकरसिंगनं विचारलं.

“कायले? डॉक्टर इथंच आहे ना!” धनीबाई म्हणाली.

खडतकरनं शेतावरच्या शेडमध्ये बादलच्या पापण्या उघडल्या आणि फोन धरून चित्रण केलं. “वा! बाहुली अगदी टाचणीच्या टोकाएवढी झाली,” तो स्वतःशीच म्हणाला.

“साहेब, सुई द्या ना,” धनीबाईनं हात जोडले.

“घाबरू नका, मावशी. झोपू द्या. मी लक्ष ठेवून आहे.”

लक्ष ठेवून होता मेला! घडीघडी यायचा, डोळे उघडायचा, फोन धरायचा आणि निघून जायचा. शी! ढोरांचा डॉक्टरही आजारी बैलापाशी असा वागत नाही. असल्या विद्येच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

दिवस कलला तसा बादलचा श्वास अडकू लागला. मग शंकरसिंगनं कोणाला विचारलं नाही, जीप आणली.

“इतका उशीर का केला, आई?” यवतमाळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“डॉक्टरपाशीच होता ना दुपारपासून. खडतकर डॉक्टरपाशी.”

“आई, ते कॉलेजात रसायन शिकवतात. माणसांवर इलाज करणारे डॉक्टर नाहीत ते.”

बादल वाचला नाही.

पुढच्या हंगामात खडतकर गाडीत नवे डबे घेऊन तांड्यात हजर! “बादलनंच काळजी घेतली नाही, वाईट झालं. हे औषध मात्र सौम्य आहे,” तो जमलेल्यांना सांगत होता.

वर्षभर स्वतःलाच शिव्या देत जगलेली धनीबाई त्याच्या आडवी उभी राहिली.

“माह्या बादलचे डोळे दाखव.”

“काय?”

“तुह्या फोनात आहेत ना? दाखव सगळ्यायले. मरता मरता माहं पोरगं तुह्याकडं पाहून राह्यलं होतं. ते कसं पाहे, मले पाहू दे.”

खडतकरचा हात खिशावर गेला. “ते संशोधनासाठी होतं...”

“ऐकलं ना सगळ्यायनं?” शंकरसिंग म्हणाला. त्यानं गाडीची चावी काढून घेतली आणि पोलिसांना फोन लावला. पोलीस येईपर्यंत तांडा गाडीला वेढा घालून उभा राहिला. डब्याला कोणी हात लावला नाही.

आज घाटंजीच्या बाजारात दुकानापुढं कोणी “कपाशीचं औषध द्या” म्हणालं, की धनीबाई डोक्यावरची पाटी खाली ठेवते.

“जहर म्हन, बापू,” ती सांगते. “घरी नेऊन राह्यला ना? मंग त्याच्या नावानं म्हन.”

आणि तो म्हणेपर्यंत ती तिथून हलत नाही.