त्रेचाळीस नंबरचं घर

टेकचंदला त्या घराची पायरी चढायची नव्हती. उन्हातान्हात सायकल हाणत तो पिपरटोल्यात आला खरा, पण आकड्यांनीच त्याचा घात केला.

पंचावन्न सालची गोष्ट. सरकारला एक नवीनच खूळ सुचलं होतं: देशातले लोक वर्षभरात कुठं फिरतात, किती राती गावाबाहेर काढतात, ते मोजायचं. आता एवढ्या मोठ्या देशात घर न् घर कोण विचारत बसणार? म्हणून युक्ती अशी, की गावातल्या साऱ्या घरांवर गेरूनं नंबर टाकायचे, छापील तक्त्यातून एक आकडा काढायचा, आणि तिथून ठरल्या अंतरानं घरं धरायची. मोजणीवाल्या टेकचंदच्या वाट्याला आलं पिपरटोला: अडुसष्ट घरं, त्यातलं दर सतरावं घ्यायचं. तक्त्यानं दिला नऊ. मग नऊ, सव्वीस, त्रेचाळीस, साठ. त्रेचाळीस म्हणजे ग्यानीरामचं घर. टेकचंदच्या बहिणीचं, दुलारीचं सासर!

शेजारचं चव्वेचाळीस घ्यावं, असं त्याच्या मनात दहादा आलं. पण साहेबानं ताकीद देऊन ठेवली होती, "घर बदलायचं नाही. कुलूप असलं तर पुन्हा जा, भांडण असलं तरी जा. आपल्या मर्जीनं घरं निवडली, की ती मोजणी नाही, थाप आहे."

भांडण तर होतंच. वीस दिवसांआधी टेकचंदची माय गेली. शेवटी शेवटी तिनं एकच धोसरा लावला होता, "माह्या दुलारीले बोलवा." सुखराम न्हावी निरोप घेऊन पळाला. ग्यानीरामानं त्याला वेशीवरूनच परतवलं: सून सासूसंगं प्रयागला गेली, आली की धाडतो. माय दाराकडं बघत बघत गेली, आणि ती खबर ग्यानीरामला धाडूनही कोणी आलं नाही. बाप लहानपणीच गेलेला. टेकचंदनं एकट्यानं सारं केलं, डोकं भादरलं, आणि दुलारीचं नाव टाकलं. चार वर्षं हेच चाललं होतं हो! दिवाळीला नेतो म्हणून चिठ्ठी लिहावी, तर उत्तर यायचं, बाई रामटेकला. आखाडीच्या सणाला लिहावी, तर नर्मदेला. टेकचंद स्वतः कधी गेला नव्हता. बहिणीला लेकरू होईस्तोवर तिच्या सासरचं पाणी तोंडाला लावायचं नाही, ही त्यांच्याकडली रीत. मरो ती, फिरू दे जगभर, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

"टेकचंद? तुमी?" ओसरीवर सुतळी वळत बसलेला ग्यानीराम दचकलाच.

"सरकारी कामानं आलो." टोपी डोळ्यांवर ओढून टेकचंद खाटेच्या कडेला बसला आणि फॉर्म मांडीवर घेतला. घरात माणसं चार: ग्यानीराम, बायको सुलोचनाबाई, मुलगा छोटेलाल, सून दुलारी. छोटेलाल जवळच्या गोरेगावच्या बाजारला गेलेला.

"गेल्या वर्षात कोण गावाबाहेर राहिलं? किती राती?"

जो फिरतो त्याच्यावर सरकार पट्टी बसवणार, अशी आवई गावात आधीच उठली होती. पहिल्या दोन घरांनीही कानावर हात ठेवले होते. ग्यानीरामची जीभ डोक्याच्या पुढं धावली. "कोणीच नाही! आमी गरीब माणसं, कुठं जाऊन राहिलो?"

"सासू-सून?"

"अंगणाबाहेर पाय नाही टाकला, तुमची आण!"

टेकचंदची पेन्सिल थांबली. "मंग गेल्या महिन्यात प्रयागला कोण गेलं होतं?"

ग्यानीरामनं सुतळीचा पीळ उलटाच फिरवला. हो म्हणावं तर पट्टी, नाही म्हणावं तर हा समोर बसलेला! तेवढ्यात आतून सुलोचनाबाई बोलून गेली. तिला बिचारीला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. "प्रयाग? अवो, माह्या नशिबी कुठचा प्रयाग! या माणसानं मले गोंदियाची आगगाडी नाही दाखवली."

टेकचंदला सारं उमगलं. रामटेक नाही, नर्मदा नाही, काहीच नाही! चार वर्षं पोरगी याच भिंतींच्या आत होती. तिकडं दहा कोसांवर माय तिच्या नावानं झुरून मेली आणि आपण, सख्ख्या भावानं, तिला शिव्या घातल्या.

"काऊन?" त्यानं विचारलं. "काऊन केलं असं?"

"थोरली सून माहेरी गेली, मंग थोरला पोरगाही तिकडंच जाऊन बसला," ग्यानीराम सुतळीकडं बघत पुटपुटला. "छोटेलालही गेला असता, तं आमाले कोण होतं?"

टेकचंदनं टोपी काढून खाटेवर आपटली. संतापात त्याला भादरलेल्या डोक्याचं भानच राहिलं नाही. आवाज ओळखून दुलारी पाण्याचा तांब्या घेऊन धावतच बाहेर आली.

"भाऊ! आलास बाप्पा! चार साल झाले, कोणी एका शब्दानं इचारलं नाही. मायले तं माहा विसरच पडला. का तिनंच धाडलं तुले?"

बोलता बोलता तिची नजर वर गेली. भादरलेल्या डोक्यावर वीस दिवसांचे खुंट उभे होते. हातातला तांब्या सुटला आणि पाणी फॉर्मवर सांडलं. टेकचंदचा हात खाटेवरच्या टोपीकडं गेला.

सासऱ्यानं मान खाली घातलेली दुलारीनं बघितली; याला ठाऊक होतं, हे तिला कळलं. ती सासऱ्याकडं वळली.

"कधी?" तिनं त्याला विचारलं.