शुक्रवारी पाच वाजता

"मास्तर, काच!" मालकीणबाई ओरडल्या, पण तोवर उशीर झाला होता. चाकावर धरलेल्या काचेची कड टचकन उडाली, मास्तरांच्या अंगठ्याला चाटून गेली आणि खालच्या पाण्याच्या ट्रेमध्ये पडली.

"एकतीस वर्षांत कितवी?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तिसरी," मास्तर म्हणाले. ते खरं होतं. बाई नुसतं त्यांच्याकडे आणि मग स्क्रूच्या डबीला टेकवून ठेवलेल्या मोबाइलकडे बघून बाहेर काउंटरवर गेल्या.

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ते काचा घासत, फ्रेममध्ये बसवत, काड्या सरळ करत. कुणीतरी कधीतरी मास्तर म्हणालं आणि ते चिकटलं. खोलीला एक खिडकी होती, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. गिऱ्हाइकं पुढे. मास्तर मागे. दिवसात त्यांच्याशी बोलायचं ते चाक, आणि ते सदैव एकच सूर लावून बसलेलं.

आता चाक बंद करून त्यांनी अंगठ्याला पट्टी लावली आणि मोबाइल हातात घेतला. ज्या मजकुरापायी काच गेली तो पुन्हा वाचला.

'वाचकहो, येत्या शुक्रवारी सायंकाळी पाच वाजल्यापासून आमच्या संकेतस्थळावरील लेखांखाली प्रतिक्रिया नोंदवण्याची सोय बंद करण्यात येत आहे. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार.'

आज मंगळवार होता.

सहा वर्षांपूर्वी बायकोने आणलेली मिरचीची रोपं मरायला लागली म्हणून ते त्या वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर 'कुंडीतली बाग' हे सदर वाचायला गेले होते. लेख ठीकच होता. खरी मजा खाली, प्रतिक्रियांत होती. तिथे 'विरोधी पक्ष' नावाचा एक गृहस्थ लेखात खत घाला म्हटलं की घालू नका म्हणायचा. 'बाल्कनी चार बाय सहा' नावाच्या बाई त्याला रोज पाणी पाजायच्या. एक 'निवृत्त हेडक्लार्क' होते. ते प्रत्येकाच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढत आणि मग गुलाबाच्या छाटणीचं असं काही सांगत की माळ्यानेही वहीत लिहून घ्यावं. मास्तरांनी स्वतःला 'जाड भिंग' हे नाव घेतलं होतं. पहिल्याच दिवशी विरोधी पक्षाने विचारलं, 'भिंग जाड की डोकं?' आणि मास्तर मागच्या खोलीत एकटेच इतके हसले की मालकीणबाई आत डोकावून गेल्या.

आणि 'कुंडीतली माती'. ती रोज सकाळी सव्वासातला यायची. दोन ओळी लिहायची. नवऱ्याचं अर्धं अंग गेलेलं, चार वर्षं तो अंथरुणाला खिळलेला. त्याच्या पलंगाजवळच्या खिडकीत लिंबाची कुंडी होती. त्या लिंबाला कधी पालवी फुटली, कधी कीड लागली, कुठल्या दिवशी नवरा चार शब्द जास्त बोलला, हे सगळं त्या दोन ओळींतून येत राहायचं. सदर कुंड्यांचं होतं, पण कुणी तिला कधी विषय सोडून बोलू नका असं म्हटलं नाही. हेडक्लार्कांनी तिच्या चुकासुद्धा कधी काढल्या नाहीत.

अकरा दिवसांपूर्वी तिने लिहिलं होतं: 'ह्यांना आठवडाभर श्वासाचा त्रास आहे. दवाखान्यात जायला तयार नाहीत. म्हणतात, जे व्हायचं ते इथे, लिंबाजवळ होऊ दे. काय करू?'

सगळ्यात आधी उत्तर दिलं होतं मास्तरांनी. 'न्या. त्यांचं ऐकू नका. उशीर करू नका.'

तिने लिहिलं, 'बरं. उद्या नेते. आल्यावर सांगते.'

त्यानंतर सव्वासातला कुणी आलं नव्हतं.

*

दुपारपर्यंत सदराखाली नुसता कल्लोळ झाला. एरवी दिवसाला वीसेक प्रतिक्रिया यायच्या, आज दोनशेच्या वर गेल्या.

'हा निव्वळ उद्धटपणा आहे,' बाल्कनीबाईंनी लिहिलं. 'आम्ही काय यांच्या दारात कचरा टाकत होतो?'

'राजकारणाच्या बातम्यांखाली लोक शिव्या घालतात, त्याची शिक्षा आमच्या गुलाबांना,' हेडक्लार्क म्हणाले.

कोणी सदस्यत्व सोडायची धमकी दिली. कोणी सह्यांचं निवेदन काढू म्हणालं. विरोधी पक्षाने लिहिलं, 'बंद करतायत ते बरंच आहे. रिकामटेकड्यांचा अड्डा झाला होता.' आणि मग पाच मिनिटांनी, 'पण मी आता सकाळी कुणाशी भांडू?'

मग ज्याला त्याला एकच सुचलं, की फोन नंबर देऊन ठेवावेत. पण नंबर लिहिला की त्या जागी फुल्या उमटत. हेडक्लार्कांनी आकडे अक्षरांत लिहून पाहिले, तरी फुल्याच. मास्तरांनी नंबरचा नाद सोडून दुकानाचं नाव आणि रस्ता लिहिला. क्षणात लाल अक्षरं आली: 'आपली प्रतिक्रिया जाहिरात असल्याने काढून टाकण्यात आली आहे.'

"जाहिरात!" मास्तर चाकाला म्हणाले.

इतरांचं काही ना काही होईल, हे त्यांना दिसत होतं. बाल्कनीबाईंच्या भाच्याला असल्या गोष्टी जमायच्या, तो कुठेतरी नवी जागा काढून देणार होता. पण कुंडीतली माती? ती दवाखान्यातून येईल, सव्वासातला मोबाइल उघडेल आणि समोर नुसता लेख असेल, खाली काही नाही. ज्यांना सांगते म्हणाली होती ते सगळे नाहीसे झालेले.

आणि ती आलीच नाही तर आपल्याला कधीच कळणार नाही, की आपण न्या म्हटलं त्याचं काय झालं.

*

"कोण ही कुंडीतली माती?" बुधवारी सकाळी बायकोने विचारलं. मास्तरांचा चहा निवून गेला होता आणि ते मोबाइलवर बोट फिरवत बसले होते.

"ते नाव आहे तिचं. म्हणजे नाव नव्हे. तिथं सगळे असंच काहीतरी घेतात."

"आणि तुमचं?"

"जाड भिंग."

बायको खळखळून हसली. "ते मात्र शोभतंय." मग नवऱ्याचा चेहरा बघून ती समोर बसली. "सहा वर्षं बोलताय आणि नाव माहीत नाही?"

"लिंबाला कीड कधी लागली ते माहीत आहे. नवऱ्याला कुठल्या कुशीवर वळवल्यावर खोकला येतो ते माहीत आहे. नाव नाही माहीत."

त्यांनी तिला ते अकरा, आता बारा दिवसांपूर्वीचं सगळं दाखवलं. बायकोने चष्मा कपाळावरून खाली ओढून दोनदा वाचलं.

"मग यात तुमचं काय चुकलं? मीही तेच म्हटलं असतं."

"तू म्हणाली नाहीस. मी म्हणालो. तो माणूस घरातच राहतो म्हणत होता गं. आणि मी कोण? त्याचं तोंड बघितलं नाही, आवाज ऐकला नाही. त्यांचं ऐकू नका म्हणे."

बायको कपबशी उचलत म्हणाली, "त्या पेपरचं ऑफिस आपल्याच गावात आहे ना? इथं भिंतीकडे बघत झुरण्यापेक्षा तिकडे जा. फार तर नाही म्हणतील."

*

गुरुवारी दुपारी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून वर्तमानपत्राच्या ऑफिसात गेले. खालच्या माणसाने वर पाठवलं, वरच्याने कोपऱ्यात. कोपऱ्यात तिशीची एक बाई दोन पडद्यांपुढे बसली होती. टेबलावर एक उघडं खोकं, त्यात तिचा मग आणि कागद भरलेले.

"प्रतिक्रिया तुम्ही बघता?" मास्तरांनी विचारलं.

"उद्यापर्यंत," ती म्हणाली. "तक्रार असेल तर फॉर्म भरा, साहेबांकडे पाठवते. पण उपयोग नाही व्हायचा. आधीच सांगते."

"तक्रार नाही. मी... कुंड्यांच्या सदराखाली लिहितो. जाड भिंग."

तिने पहिल्यांदा नीट वर पाहिलं. "तुम्ही जाड भिंग?" तिने शेजारची खुर्ची ओढली. "बसा. मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल."

मास्तर बसले. सगळं सांगायचं म्हणून घरून जुळवून आणलेली वाक्यं कुठच्या कुठे गेली. "त्या बाई..." एवढंच ते म्हणाले.

"कुंडीतली माती. मलाही ठाऊक आहे. रोज सकाळी आले की आधी तेच बघते." तिने आवाज खाली आणला. "काका, तिचा ईमेल माझ्यासमोर आहे. पण देता येणार नाही. कुणाचाच देता येत नाही. माझी नोकरी तशीही दुसऱ्या टेबलावर चाललीय, पण तो नियम बरोबर आहे. उद्या तुमचा पत्ता कुणी मागितला तर?"

"मला तिचा पत्ता नकोच," मास्तर म्हणाले. इथे येईपर्यंत त्यांनाही हे सुचलं नव्हतं. "माझा तिला द्या. मला शोधायचं की नाही ते ती ठरवेल."

त्यांनी खिशातून दुकानाचं कार्ड काढलं. मागे फक्त 'जाड भिंग' असं लिहिलं. आणखी काहीतरी लिहावं म्हणून पेन तसंच धरून ठेवलं, पण सुचेना. कार्ड टेबलावर ठेवलं.

बाईने ते उचललं नाही, परतही केलं नाही. "वचन देत नाही मी," ती म्हणाली.

"नका देऊ."



*

शुक्रवारी दुपारी चारनंतर मास्तरांनी एकही काच हातात घेतली नाही. मालकीणबाईंनी विचारलं नाही.

खाली निरोपांची रीघ लागली होती. हेडक्लार्कांनी गुलाबाच्या छाटणीचं सगळं ज्ञान बारा प्रतिक्रियांत ओतलं, कारण मग सांगायचं कुठे? बाल्कनीबाईंनी विरोधी पक्षाची जाहीर माफी मागितली. त्याने उत्तर दिलं, 'माफी नामंजूर.' मग लिहिलं, 'काळजी घ्या, बाई.'

पाचला दहा कमी. पाचला सहा कमी. मास्तर पान पुन्हा पुन्हा ताजं करत होते. दर वेळी वाटे, आता येईल. नवं नाव वर आलं की ते मोबाइल डोळ्यांजवळ नेत, आणि ते दुसरंच कुणीतरी निघे.

पाचला दोन कमी असताना त्यांनी एका बोटाने टाइप केलं: 'माती, तुम्ही कधीही वाचलंत तर, आम्ही तुमची वाट बघत होतो.' पाठवलं. ते उमटलं. खाली विरोधी पक्षाने लिहिलं, 'अनुमोदन.' सहा वर्षांत त्याने कशालाही दिलेलं हे पहिलं अनुमोदन होतं.

पाच वाजले. पान ताजं केल्यावर लेख राहिला आणि लेखाखाली पांढरी जागा. नव्या प्रतिक्रिया बंद होणार हे मास्तरांना ठाऊक होतं. जुन्याही जातील, हे कुणी सांगितलं नव्हतं. लिंबाची पालवी, कीड, छाटणी, भांडणं, 'बरं, उद्या नेते', सगळंच गेलं होतं. त्यांनी बोटाने पान खाली ओढून पाहिलं. मग आणखी ओढलं. खाली काही नव्हतं.

*

पुढचे तीन आठवडे मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. दुकानाचं दार वाजलं की ते मान लांब करून पुढे बघत. बायको संध्याकाळी विचारायची, "काही कळलं?" आणि मग विचारायची बंद झाली. बाल्कनीबाईंच्या भाच्याने कुठे नवी जागा काढली असेल तर ती मास्तरांना सापडली नाही.

चौथ्या सोमवारी टपालाने एक लहान डबा आला. वर दुकानाचं नाव, त्याखाली 'जाड भिंग यांस'. मालकीणबाईंनी तो आत आणून ठेवला आणि पहिल्यांदाच दार लोटून घेतलं.

आत कापसात गुंडाळलेली पुरुषी चष्म्याची तपकिरी फ्रेम होती, डोळ्यांच्या नंबरच्या चिठ्ठीसकट, आणि वहीचं एक पान.

'ऑफिसातल्या बाईंनी ईमेलवर तुमच्या कार्डाचा फोटो पाठवला. ह्यांना नेलं होतं. नऊ दिवस होते. घरी आणता आलं नाही. तुम्ही न्या म्हणालात म्हणून नेलं. बरं केलं की वाईट, ते मला अजून कळत नाही. पण तिथे नळी लावल्यावर पहिल्या दिवशी ह्यांना गाढ झोप लागली. कितीतरी दिवसांनी. मी बघत बसले होते. ह्यांच्या फ्रेममध्ये माझ्या नंबरच्या काचा घालून द्याल का? खाली फोन नंबर दिला आहे.'

या वेळी आकड्यांच्या जागी फुल्या नव्हत्या.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. बऱ्याच वेळाने ते काचा घासायला बसले. एवढ्या जपून त्यांनी मालकीणबाईंच्या स्वतःच्या चष्म्याच्याही घासल्या नव्हत्या. काचा बसवून झाल्यावर त्यांनी फ्रेम सपाट काचेच्या तुकड्यावर ठेवली, तर ती डगमगली. डावी काडी आत दबून वाकडी झाली होती.

मास्तरांनी फोन लावला.

"हॅलो?" आवाज वाटला होता त्यापेक्षा जाड होता.

"चष्म्याच्या दुकानातून बोलतोय."

"जाड भिंग?"

"हो." पुष्कळ बोलायचं होतं. मास्तरांना जे बोलता येत होतं ते ते बोलले. "काचा बसल्या. फ्रेमची डावी काडी वाकलीय."

"ते डाव्या कुशीवर निजायचे. चष्मा काढू द्यायचे नाहीत. लिंबू दिसत नाही म्हणायचे."

"अशीच ठेवली तर तुम्हाला नीट बसणार नाही. काच तिरकी येईल, अक्षरं हलतील." मास्तर थांबले. "पण एकदा सरळ केली की पुन्हा तशी होणार नाही. म्हणून विचारतो. करू?"

पलीकडे कुठेतरी भांड्यात पाणी पडत होतं. ते थांबलं.

"करा सरळ," ती म्हणाली. "मला दिसायला हवं."

"बरं," मास्तर म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी गरम हवेचं यंत्र सुरू केलं. फ्रेम त्यासमोर धरली, काडी मऊ होईपर्यंत. मग दोन्ही अंगठे तिच्यावर ठेवले आणि हळूहळू, घाई न करता, ती सरळ करायला लागले.