वर्लिनच्या उश्या

नाताळ जवळ आला की अरिमा गावात घराघरांतून शिलाई मशीनची घरघर सुरू होते. पडदे नवे, अभ्रे नवे. घर कितीही जुनं असो, त्या दिवशी ते नवं दिसायलाच हवं. नवं कापड घ्यायची वर्लिनची ऐपत नव्हती, पण हौस दांडगी. पडद्याचा न विटलेला काठ, मुलीचा आखूड झालेला शाळेचा स्कर्ट, नवरा हॉलिसच्या फाटक्या शर्टांची बटणं, सगळं ती वर्षभर जपून ठेवी. त्यातून कोचासाठी उश्या शिवी. आत भरायला कापूस कुठला? चिंध्या बारीक कातरून भरायच्या. यंदा तर कोपऱ्यांना लाल लोकरीचे गोंडेही लावले होते. उश्या कोचावर मांडून ती दारात उभी राहिली आणि स्वतःवरच खूश झाली.

त्याच आठवड्यात टोरांटोहून तिची नणंद आयोना आली.

नाताळच्या आदल्या सकाळी वर्लिन बाजारात गेली. परत येऊन बघते, तर कोचावर फिकट, गुळगुळीत, विकतच्या उश्या ओळीनं बसलेल्या.

"माझ्या कुठायत?"

"टाकल्या कचऱ्यात!" आयोना हसत म्हणाली. "किती वर्षं चिंध्यांना टेकून बसणार गं? या माझ्याकडून भेट."

वर्लिन पडवीत आली. हॉलिस बाकावर बसून रेडिओ पुसत होता.

"माझ्या उश्या कचऱ्याच्या पिशवीत कोणी भरल्या?"

"आयोनानं."

"आणि पिशवीचं तोंड कोणी धरलं होतं?"

हॉलिस रेडिओ पुसतच राहिला. वर्लिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयोना चार दिवसांची पाहुणी. पण हा? याच कोचावर याच उश्या डोक्याखाली घेऊन रोज दुपारी घोरणारा!

ती तडक रस्त्याच्या कोपऱ्यावर गेली. कचऱ्याची गाडी अजून यायची होती, पण कुत्र्यांनी पिशवी फाडली होती आणि एका उशीचा कोथळा रस्त्यावर पडला होता. सगळं गोळा करून, उश्या छातीशी कवटाळून ती भररस्त्यानं निघाली.

"काय गं वर्लिन, सणाच्या दिवशी कचरा घरात?" शेजारच्या मिस इस्मेनं कुंपणावरून विचारलं.

"कचरा नव्हे, मिस इस्मे. आमच्या घरातली अक्कल रस्त्यावर गेली होती, ती परत नेतेय."

घरी येऊन तिनं आपल्या उश्या कोचावर टाकल्या, आयोनाच्या उचलल्या आणि आयोनाच्याच पलंगावर नेऊन ठेवल्या.

"अगं, ही काय रीत झाली?" आयोना चिडली. तेवढ्यात तिची नजर गोंड्यांवर गेली. "ही... ही माझ्या स्वेटरची लोकर! मी तुला पाठवला होता तो!"

"हो, उसवला मी तो. अरिमाच्या उन्हात स्वेटर घालून मिरवू कुठे? तुझी वस्तू मी कामाला लावली, आयोना. तू माझी फेकलीस. तीही न विचारता!"

"मी प्रेमानंच केलं."

"प्रेम करायचं तर तोंडावर कर. मी बाजारात गेल्यावर माझ्या पाठीमागे कसलं प्रेम?"

वर्लिननं ती फाटकी उशी, सुई-दोरा आणि चिंध्या हॉलिसच्या मांडीवर आदळल्या.

"भर आणि शीव."

"मला कुठे येतं?"

"फेकायला बरं आलं!"

दुपारभर तो बोटं टोचून घेत बसला. संध्याकाळी घरोघर नाताळची गाणी गाणारी मंडळी क्वात्रो, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, छेडत दारात आली, आत येऊन कोचावर ऐसपैस बसली. त्यांतल्या म्हाताऱ्यानं पाठीखालची उशी ओढून काढली. "ही कोणी शिवली रे? आतडी बाहेर येतायत हिची!"

हॉलिसनं ओशाळून हात वर केला. घर हसलं, आयोनासुद्धा. वर्लिनला मात्र हसू आलं नाही. राग अजून उतरला नव्हता. अंबाडीच्या लाल सरबताचा जग घेऊन ती सगळ्यांचे पेले भरत फिरली. हॉलिसचा तिनं शेवटी भरला, तोही अर्धाच.